वाढवण बंदर, खुला व्यापार आणि आपले डोंगर

(कार्यकर्ता शिबिरातल्या भाषणाचा मजकूर. ज्या पाड्यांतून कुणाला येता आलं नाही, तिथे हा बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा.)



भातकापणीचे दिवस आहेत. खळ्यावरचं काम टाकून तुम्ही आलात, आणि आम्ही बोलणार कशावर, तर जहाजांवर! सकाळी चहाच्या वेळी एका आजीने विचारलंच, "बंदर दर्यावर, आपण डोंगरात. जहाज काय आपल्या पाड्यावर येणार हाय?" आजीचा प्रश्न बरोबर आहे. आजचं सगळं बोलणं म्हणजे त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी १९९८ सालची गोष्ट सांगू. त्या सालच्या सप्टेंबर महिन्यात न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने निकाल दिला, की वाढवणला बंदर करता येणार नाही. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवला आहे. त्यात एवढं मोठं बंदर बसत नाही, असं प्राधिकरणाने तेव्हा म्हटलं. किनाऱ्यावरचे मच्छिमार, बागायतदार, डायमेकर आणि आपण सगळे त्यासाठी झगडलो. आनंद झाला, व्हायलाच पाहिजे. पण आमचं म्हणणं असं आहे, की बंदर तेव्हा अडलं. ज्या व्यापाराला ते बंदर पाहिजे होतं, तो व्यापार कुठेही गेलेला नाही. तो पुन्हा येईल. येईल तेव्हा आपण त्याला ओळखलं पाहिजे.

बंदर आणि जंगल यांचं नातं जुनं आहे

आपल्या शेजारच्या डांगात जा. १८४२-४३ साली इंग्रजांनी डांगच्या भिल राजांकडून तिथलं जंगल पट्ट्याने घेतलं. कशाला? सागासाठी. मुंबईच्या गोदीत सागाची लढाऊ जहाजं बांधली जायची. १८१७ साली मुंबईत बांधलेलं एक सागाचं जहाज अजून इंग्लंडात पाण्यावर उभं आहे, लोक तिकीट काढून बघायला जातात. पुढे रेल्वे आली, तिच्या रुळांखाली घालायला लाकूड लागलं. मग जंगल खातं आलं, कायदा आला, राखीव जंगल आलं, आणि बापजाद्यांच्या रानात आपण 'अतिक्रमणदार' झालो. डांगातल्या माणसाने समुद्र पाहिला नव्हता, पण बंदराची भूक त्याच्या रानापर्यंत पोचली होती. तेव्हा आजीबाई, जहाज पाड्यावर येत नाही हे खरं. पाड्यावरचं मात्र जहाजाकडे जातं.

आणि दर्या आपल्याला परका आहे असंही नाही. आपली किती पोरं दिवाळीनंतर बोटींवर खलाशी म्हणून जातात, डहाणूपासून पार गुजरातच्या बंदरांपर्यंत! घराघरात सुकट, बोंबील आणि मीठ येतं ते दर्याचंच.

खुला व्यापार म्हणजे काय

व्यापाराला आपला विरोध नाही. आठवड्याच्या बाजारात आपण काय करतो? डोंगरातला भाजीपाला, कंद, गवत, लाकूडफाटा खाली जातो, मीठ-मच्छी वर येते. हा व्यापारच आहे. प्रश्न एवढाच, की तराजू कुणाच्या हातात, आणि भाव पटला नाही तर माल परत घरी नेण्याची ताकद आपल्यात आहे का.

पूर्वी सरकार देशाच्या दारात उभं राहून ठरवायचं, की हा माल आत येऊ द्यायचा, हा नाही, याच्यावर एवढा कर. त्यात परवान्याचा भ्रष्टाचार होता, काळाबाजार होता, ते आपण विसरलेलो नाही. पण दाराला कडी होती. १९९१ साली सरकारकडे परदेशी चलन संपत आलं, सोनं गहाण पडलं, आणि कर्ज देणाऱ्यांच्या अटींवर कडी सैल करायला सुरुवात झाली. मग डंकेल प्रस्ताव, गॅट करार. आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना. तिचा नियम सोप्या भाषेत असा: दार उघडं ठेवा, आयात कर हळूहळू खाली आणा, आपल्या आणि परक्या मालात भेद करू नका.

याचा आपल्याशी काय संबंध? एकच उदाहरण देतो. जव्हार-मोखाड्याच्या वरकस जमिनीवर आपण खुरासणी लावतो. ते आपल्याकडचं रोख पैशाचं पीक. १९९४ साली परदेशी पामतेल आणायला मोकळीक मिळाली. तेव्हा त्यावर ६५ टक्के कर होता. वर्षभरात तो ३० टक्क्यांवर आला. पुढे आणखी खाली. मलेशियातल्या मोठमोठ्या मळ्यांचं तेल टाकीच्या जहाजातून आपल्या बंदरात उतरतं. खुरासणीचा भाव करताना व्यापाऱ्याच्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आता ते तेल असतं. मोखाड्याची बाई आणि मलेशियाचा मळेवाला एका बाजारात बसले आहेत. फक्त बाईला ते कुणी सांगितलेलं नाही. आता शहरातल्या गरिबाला तेल स्वस्त मिळालं तर आपण वाईट का वाटून घ्यावं? ते पण आपलेच लोक आहेत. पण मग खुरासणीवाल्या बाईचं काय, हा प्रश्न करारात कुठल्या कलमात लिहिला आहे?

पेटीची गोष्ट

आता बंदरात चालतं काय, ते बघू. पूर्वी जहाजातला माल माणसं उतरवायची. गोणी, पिंप, गासड्या, खोकी. टोळ्या लागायच्या. मुंबईच्या गोदीने घाटावरच्या आणि कोकणातल्या हजारो कुटुंबांना पोसलं ते या कामावर. संघटना झाली, लढे झाले, पगार वाढले.

१९५६ साली अमेरिकेत एका ट्रकवाल्याने युक्ती काढली. माल सुटा न भरता लोखंडी पेटीत भरायचा आणि आख्खी पेटी ट्रकवरून उचलून जहाजावर ठेवायची. पहिल्या खेपेला ५८ पेट्या गेल्या. हिशोब काय झाला? सुटा माल चढवायला टनामागे जवळजवळ सहा डॉलर पडायचे, पेटीने सोळा सेंट पडले. म्हणजे छत्तिसावा हिस्सा सुद्धा नाही! हीच पेटी म्हणजे कंटेनर. हायवेला ट्रेलरवर आपण रोज बघतो तीच, वीस फूट लांब, आठ फूट रुंद. दुसरी तिच्या दुप्पट.

खुला व्यापार कागदावर करारांनी आला, पण जमिनीवर तो या पेटीने आला. नेण्याआणण्याचा खर्चच उरला नाही, म्हणून कुठेही बनवा आणि कुठेही विका. आणि जो खर्च उरला नाही, तो कुणाचा पगार होता? गोदी कामगाराचा. लंडनच्या गोद्या आठवा. ज्या गोद्यांतून निघालेल्या जहाजांनी आपल्यावर राज्य केलं, त्या एकामागून एक बंद पडल्या आणि १९८१ पर्यंत शेवटच्या मोठ्या गोदीलाही कुलूप लागलं. पेट्यांची मोठी जहाजं नदीच्या तोंडाजवळ टिलबरीला थांबू लागली. गोऱ्या कामगारालाही पेटीने सोडलं नाही. मुंबईच्या जुन्या गोदीतलं काम तसंच कमी होत चाललं आहे. पेट्या खाडीपलीकडे न्हावा-शेव्याला जातात.

जहाजधंद्याचं पुढे काय

जहाजवाल्याचं गणित साधं आहे. जहाज जेवढं मोठं, तेवढा दर पेटीमागे खर्च कमी. म्हणून जहाजं वाढत चालली आहेत. १९९६ साली सहा हजारांवर पेट्या मावतील अशी जहाजं पाण्यात उतरली. पुढे याहून मोठी आली. एवढं जहाज विकत घ्यायला भांडवल लागतं, म्हणून कंपन्या एकमेकींना गिळत आहेत. इंग्रजांची पी अँड ओ आणि डचांची नेडलॉइड यांनी १९९६ मध्ये आपली कंटेनर जहाजं एकत्र केली. १९९७ साली सिंगापूरच्या सरकारी कंपनीने अमेरिकेची एपीएल घेतली. उद्या जगातला बहुतेक पेटी-माल मोजक्या कंपन्यांच्या हाती असेल.

मोठं जहाज दर बंदराला थांबत नाही. एस. टी. जशी फाट्यावर थांबते आणि पाड्यावर जायला जीप लागते, तसं ते जहाज कोलंबो, सिंगापूर, दुबई अशा मोजक्या फाट्यांवर थांबतं. आपल्या देशाचा बराच माल छोट्या जहाजांतून आधी तिथे जातो. व्यापारी म्हणतात, हा फाटा आपल्याकडे का नसावा? मुंबई आणि न्हावा-शेवा दोन्ही खाडीत आहेत, गाळ सारखा उपसत राहावं लागतं. मग खोल पाणी कुठे? तर वाढवणला, किनाऱ्यापासून फार लांब न जाता. एवढंच वाढवणचं 'नशीब'. डहाणूची लोकसंख्या, डहाणूची गरज, डहाणूचा माल, यातलं काहीच त्या हिशोबात नाही. जहाजाच्या पोटाला किती पाणी लागतं यावरून गाव निवडलेलं आहे.

म्हणून आम्ही म्हणत आलो, ते पुन्हा येतील. समुद्र तिथे तेवढाच खोल राहणार आणि जहाजं मोठी होत जाणार. वाढवणसाठी पुढे आलेल्या पी अँड ओलाच न्हावा-शेव्याचा तेव्हाचा नवा कंटेनर धक्का १९९७ साली ३० वर्षांसाठी मिळाला होता. ही कंपनी राणीच्या राज्यात साहेबांना आणि त्यांच्या टपालाला घेऊन यायची. तिला घाई नव्हती. ती नाही तर दुसरी येईल, दुसरी नाही तर सरकार स्वतः येईल.

आता दुसरी बाजू बघा. हा धंदा दिसतो तेवढा पक्का नाही. १९९७ च्या जुलैमध्ये थायलंडचं चलन कोसळलं, मागोमाग इंडोनेशिया, मलेशिया, कोरिया. कालपर्यंत ज्यांचं नाव घेऊन आपल्याला सांगायचे, 'बघा, खुला व्यापार करून हे कसे श्रीमंत झाले', त्यांचे कारखाने बंद पडले. तिथले लोक परक्या देशाचा माल घेईनासे झाले. तिकडे जाणारी जहाजं अर्धी रिकामी जायला लागली. जहाज एका बंदराचा किफायतशीर धंदा संपला की दुसऱ्या बंदराला जातं. त्याला चाक नाही, मूळ नाही. इकडे गुजरातेत पिपावाव आहे, मुंद्रा आहे, आपल्या हद्दीला लागून उंबरगावजवळ मरोळीला बंदर घाटत होतं. सगळी बंदरं एकाच जहाजाला बोलावणार: आमच्याकडे ये, आम्ही कर कमी करतो, जमीन फुकट देतो, मजूर स्वस्त देतो. या बोलीत जिंकतो जहाजवाला. बंदर हरलं तर धक्का ओस पडतो. पण भराव टाकलेला दर्या परत मिळत नाही, फोडलेला डोंगर परत उभा राहत नाही.

नोकऱ्या मिळतील का

हा प्रश्न आपल्याच पोरांनी विचारला आहे, आणि त्यांच्यावर रागावून चालणार नाही. दहावी झालेला पोरगा वीटभट्टीवर जायला तयार नाही, त्याला दुसरं काय दाखवतो आपण?

म्हणून आमच्यापैकी काही जण न्हावा-शेव्याला जाऊन आलो. बंदराने कुणाचंच भलं झालं नाही असं आम्ही म्हणणार नाही. काहींना नोकरी लागली, काहींनी ट्रेलर घेतले, टपऱ्या चालतात. पण धक्क्यावर बघाल तर माणूसच दिसत नाही. एवढाली क्रेन, वर काचेच्या खोलीत एक माणूस. पेटी उचलली, ठेवली. आत काय आहे ते त्यालाही माहीत नाही.

आणि ते थोडंसं सुद्धा कसं मिळालं ते ऐका. १९७० पासून तिथली जमीन नव्या मुंबईसाठी घ्यायला काढली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी उठले. जासई आणि नवघरला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. त्या रक्तातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण निघालं. बंदर १९८९ साली सुरू झालं. म्हणजे जे मिळालं ते बंदराने दिलं नाही, लोकांनी लढून घेतलं. आणि ते कुणाला मिळालं? सातबाऱ्यावर नाव होतं त्याला. कातकरी, खंडाने कसणारा, मिठागरावर राबणारा, खाडीत हाताने मासळी धरणारी बाई, यांचं नाव कुठल्या सातबाऱ्यावर असणार? आता आपल्या घरी जाऊन बघा. आपली किती जमीन एकसाली आहे, किती दळीची आहे, किती प्लॉटचा दावा अजून कचेरीत पडून आहे? उद्या मोबदल्याची यादी लागली तर आपलं नाव मोबदल्यात येणार नाही, हटवण्यात येईल.

डोंगराचं काय जाईल

बंदराचा नकाशा किनाऱ्यावर संपतो, भूक संपत नाही. चार गोष्टी मोजा.

पहिली, दगड आणि मुरूम. दर्यात भराव टाकायचा तर तो आभाळातून पडत नाही. डोंगर फोडावा लागतो, आणि तो डोंगर आपला.

दुसरी, पाणी. सूर्या धरण आदिवासींची गावं उठवून झालं. शेतीला पाणी देऊ म्हणाले. आज त्याच पाण्यावर शहरांचा डोळा आहे. बंदर आलं, बंदरामागे कारखाने आले, तर कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या आपल्या वावरात काय येणार?

तिसरी, रस्ता आणि रेल्वे. पेटी बंदरातून बाहेर पडली पाहिजे. तिच्यासाठी रुंद रस्ता, नवा फाटा, ट्रेलर उभे करायला वावरांएवढी मोकळी जागा.

चौथी, जमिनीचा बाजार. रस्ता यायच्या आधी दलाल येतो. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सहजासहजी जात नाही, कायदा आहे. पण कुळाच्या नावाने, खोट्या मुखत्यारपत्राने, दारूच्या बाटलीवर अंगठा घेऊन काय काय होतं ते आपल्या आज्यांनी पाहिलं आहे. त्याचसाठी १९४५ साली वारली उठला होता.

मग करायचं काय

नुसती भीती घालायला आम्ही आलो नाही. सरकारचं धोरण बदलत नाही असं नाही. परदेशी ट्रॉलरना खोल दर्यात मासेमारीचे परवाने दिले होते. १९९४ मध्ये देशभरच्या मच्छिमारांनी बंद पाळला, पुन्हा पुन्हा लढले, आणि सरकारला मुरारी समिती नेमावी लागली. तिने १९९६ साली ते परवाने रद्द करा असंच सांगितलं. लोकांनी खुल्या व्यापाराचं एक दार असं बाहेरून ढकलून लावलं.

आपल्या हातात काय आहे?

एक: २४ डिसेंबर १९९६ चा कायदा, ज्याला आपण पेसा म्हणतो. अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा योग्य त्या पंचायतीशी सल्लामसलत केली पाहिजे, असं त्यात आहे. नीट ऐका: सल्लामसलत म्हणजे संमती नव्हे. कायदा इथे कच्चा आहे, आणि संमतीची मागणी आपल्याला लढून पुढे न्यायची आहे. पण गौण खनिजाच्या बाबतीत तोच कायदा जास्त पक्का आहे. खाणीचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. मुरूम आणि दगड हे गौण खनिजच. म्हणजे वाढवणच्या भरावाची एक किल्ली डोंगरातल्या ग्रामसभेच्या खिशात आहे! आता तरी आजीबाईंना पटलं ना, जहाजाचा आणि पाड्याचा काय संबंध ते?

दोन: ठराव आत्ताच करा. नंतर करू, असं नाही. ग्रामसभा भरवा, आपल्या हद्दीतले डोंगर, टेकड्या, नाले, झरे, गुरचरण, देवाची जागा यांची यादी करा आणि प्रोसिडिंगमध्ये लिहा. लिहिताना बाया हजर पाहिजेत. झरा कुठे आहे ते पुरुषाला नाही, पाणी भरणाऱ्या बाईला माहीत असतं.

तीन: कसत असलेल्या प्लॉटचे दावे ज्यांचे पडून आहेत, त्यांनी दंडाच्या पावत्या, जुने कागद, म्हाताऱ्यांचे जबाब गोळा करावेत. कागद घरात एकाच जागी नको. झेरॉक्स काढून एक संच संघटनेकडे द्यावा. छपरावरून गळून भिजलेला कागद कोर्ट बघत नाही.

चार: किनाऱ्यावरच्या लोकांशी बोलणं तोडू नका. मच्छिमार आणि बागायतदार यांच्याशी आपले जुने हिशोब आहेत. वाडीतल्या मजुरीवरून भांडण आहे, खलाशाच्या पगारावरून आहे. ते भांडण आपण सोडणार नाही. पण भांडायला सुद्धा दोघं आपापल्या जागी पाहिजेत. दर्या गेला तर खलाशाचा पगार कुणाकडे मागणार?

पाच: उद्या कुणी साहेब किंवा कंपनीचा माणूस पाड्यावर आला, तर त्याला मारू नका आणि चहा पाजून सह्याही देऊ नका. त्याला विचारा: किती माणसांना कायम नोकरी, आणि त्यात आदिवासी किती? मुरूम कुठल्या डोंगरातून? पाणी कुठल्या धरणातून? व्यापार बसला तर धक्का कोण सांभाळणार? आणि हे सगळं लिहून, सही-शिक्क्यासह देणार का? तोंडी उत्तर घ्यायचं नाही.

साथींनो, आम्ही जगाच्या व्यापाराला एकटे अडवू असं म्हणत नाही. जहाजं चालणार, माल येणार-जाणार. आपलं मागणं एवढंच आहे, की बाजार जगाचा असेल तर तराजूवर आपलाही हात पाहिजे, आणि नको म्हणायचा हक्क पाहिजे. प्राधिकरणाच्या १९९८ च्या निकालाने आपल्याला वेळ मिळाला होता.  भात घरात आलं की झोडणीच्या आधी प्रत्येक पाड्यावर एक बैठक लावा. पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना ठरावाची नक्कल बरोबर आणा. ज्या गावाचा ठराव येईल, त्याचं नाव पुढच्या अंकात छापू. ज्याचा येणार नाही, त्या गावाला आम्ही स्वतः येऊ, मुक्कामाला.

जोहार.